अटारीच्या पाऊलखुणांची व्हॅन-टूर, आणि फोटोतला डावीकडचा पहिला माणूस

गेल्या शनिवारी मुलीने मला आणि माझ्या तेरा वर्षांच्या नातवाला एका व्हॅन-टूरवर पाठवलं. पाच तास, आठ प्रवासी, एक गाइड. विषय एकच: नाणं टाकून खेळायचे व्हिडिओ गेम आणि ते बनवणारी अटारी ही कंपनी कॅलिफोर्नियात जिथे जन्मली, त्या जागा. मुलगी सनीव्हेलला राहते आणि व्हॅन तिच्या घरापासून दहा मिनिटांवरून सुटते. टूर चालवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे, आणि तीच तक्रार या विषयावर बोलणाऱ्या बहुतेकांबद्दल आहे.

आधी स्वतःबद्दल थोडं, नाहीतर ती तक्रार कळणार नाही. मी एकतीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. काळ्या-पांढऱ्या सेटपासून सुरुवात केली आणि पिक्चर ट्यूबचे दिवस संपले तेव्हा थांबलो. त्यामुळे पाँग, म्हणजे अटारीचा तो चेंडू-फळ्यांचा गाजलेला खेळ, कुठेही दिसला की माझं लक्ष आधी पडद्यामागे जातं. हे सर्किट कोणी जुळवलं असेल, त्या माणसाने रात्री किती वाजेपर्यंत सोल्डरिंग केलं असेल, हेच मनात येतं.

आता टूरबद्दल. चांगलं पुष्कळ आहे. व्हॅन वेळेवर आली. गाइड तिशीतला, आवाज खणखणीत, रस्ते तोंडपाठ, आणि पोरांच्या प्रश्नांना कंटाळत नाही. निघतानाच त्याने प्रत्येकाच्या हातात लॅमिनेट केलेल्या बारा फोटोंचा संच दिला. थांब्यावर उतरायचं आणि आजच्या इमारतीसमोर तिथला जुना फोटो धरून बघायचं. ही कल्पना मला फार आवडली, कारण या भागात जुनं काही शिल्लक ठेवत नाहीत. बऱ्याच थांब्यांवर बघायला एक बैठी इमारत आणि तिच्यापुढे गाड्यांची रांग, एवढंच असतं. फोटो नसते तर नातू दुसऱ्या थांब्यालाच वैतागला असता.

पहिला थांबा माउंटन व्ह्यू. नटिंग असोसिएट्स ही कंपनी या गावातली. बिल नटिंग यांनी १९६७ च्या सुमारास ‘कॉम्प्युटर क्विझ’ हे प्रश्नोत्तरांचं नाणं-यंत्र काढलं होतं आणि त्यांना पुढचं काहीतरी हवं होतं. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी हे पुढे अटारी काढणारे दोघे त्या वेळी अँपेक्स कंपनीत एका खोलीत बसून काम करायचे. त्यांनी जुळवलेला खेळ नटिंगने घेतला आणि १९७१ साली ‘कॉम्प्युटर स्पेस’ बाजारात आला. फायबरग्लासचं वळणदार कपाट आणि आत जनरल इलेक्ट्रिकचा पंधरा इंची काळा-पांढरा टीव्ही. नावात कॉम्प्युटर आहे, पण आत कॉम्प्युटर नाही. आधी एक छोटा कॉम्प्युटर घेऊन त्यावर अनेक पडदे चालवायचा विचार होता. तो फार संथ पडतो आणि परवडत नाही असं दिसल्यावर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि सगळा खेळ साध्या लॉजिक चिप्सवर उभा केला.

हे कसं जमलं, ते गाइडने सांगितलं नाही. मी सांगतो.

जुने टीव्ही वापरलेल्यांना आठवेल, चित्र मधूनच वर किंवा खाली घसरायला लागायचं, एक काळी पट्टी पडद्यावर फिरत राहायची, आणि मागचं व्हर्टिकल होल्डचं बटण फिरवून ते जागेवर आणावं लागायचं. पडद्यावरचा किरण वरून खाली रेघा ओढत येतो आणि तळाला पोचला की परत वर जातो. वर कधी जायचं ते सिंक पल्स ठरवतो. सेटची चाल आणि सिंकची चाल यांत फरक पडला की चित्र घसरतं. डॅबनींनी सांगितलंय की बुशनेल यांनी त्यांना नेमकं हेच विचारलं होतं: हे चित्र सरकतं कसं, आणि आपल्या मनाप्रमाणे सरकवता येईल का? येईल, असं डॅबनींचं उत्तर होतं, फक्त ते मोजणीने करावं लागेल. एक काउंटर सिंकसाठी रेघा मोजतो. दुसरा काउंटर ठिपक्यासाठी रेघा मोजतो. दोघांची मोजणी सारखी, तर ठिपका जागच्या जागी. दुसऱ्याची मोजणी एकाने वाढवली, तर ठिपका दर वेळी एक रेघ खाली. एकाने कमी केली, तर वर. आडव्या दिशेलाही हाच हिशेब. ना मेमरी, ना प्रोग्राम.

एकतीस वर्षं मी ज्याला बिघाड म्हणून बटण फिरवून थांबवत होतो, त्याच बिघाडातून एक अख्खा उद्योग उभा राहिला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून घरभर फेऱ्या मारल्या होत्या.

ही करामत कोणाची, यावरच तर वाद आहे. बुशनेल यांचं म्हणणं असं की ठिपका हलवण्याची युक्ती त्यांची. डॅबनींनी पॉवर सप्लाय, आवाज, टीव्हीशी जोडणी अशी बाजू सांभाळली. डॅबनींचं म्हणणं असं की ते सर्किट त्यांनी स्वतः बनवून चालवून दाखवलं. १९७४ साली जे पेटंट मिळालं त्यावर एकट्या बुशनेल यांचं नाव आहे. गाइडने हा सगळा काळ एका गोष्टीत गुंडाळला: बुशनेल यांनी आपल्या लहान मुलीला तिच्या खोलीतून हलवलं, तिथे प्रयोगशाळा थाटली आणि व्हिडिओ गेम जन्माला आला. ही गोष्ट गोड आहे आणि बुशनेल ती कित्येक वर्षं सांगत आलेत. पण डॅबनी सांगायचे की खोली त्यांच्या मुलीची होती, हलवलं ते तिला, आणि काम तिथे झालं. एकाच गोष्टीतल्या खोलीवर दोन बाप हक्क सांगतात. टूरमध्ये एकच बाप.

मी शांतपणे विचारलं, “आणि डॅबनी?” गाइड म्हणाला, “हो, ते पार्टनर होते. लवकर बाहेर पडले.” आणि व्हॅनचं दार उघडलं.

पुढच्या थांब्याकडे जाताना नातू फोटो चाळत होता. त्यात तो प्रसिद्ध फोटो आहे, पाँगच्या कपाटाशेजारी उभी चार माणसं. गाइडने निघताना त्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, हे बुशनेल, हे पाँग बनवणारे ॲल अल्कॉर्न. नातवाने मला विचारलं, “आजोबा, डावीकडचा पहिला कोण?” तोच टेड डॅबनी. गाइडचं बोट त्याच्यावर टेकलंच नव्हतं.

मेन्लो पार्कच्या ‘डच गूस’पाशी मात्र गाइड खुलला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये कॉम्प्युटर स्पेसचा पहिला नमुना या बारमध्ये लोकांपुढे ठेवला होता. स्टॅनफर्ड जवळच असल्याने गिऱ्हाईक विद्यार्थ्यांचं, खेळ चांगला चालला. तिथून आम्ही स्टॅनफर्डच्या ट्रेसिडर इमारतीत गेलो. त्याच वर्षी इथे बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी ‘गॅलेक्सी गेम’ बसवला होता. त्यात खराखुरा पीडीपी-११ कॉम्प्युटर होता. यंत्राला वीस हजार डॉलरच्या आसपास खर्च, आणि एका खेळाचे दहा सेंट. गाइडने नातवालाच गणित घातलं: हे पैसे वसूल व्हायला किती खेळ लागतील? नातवाने फोनशिवाय उत्तर दिलं, दोन लाख. व्हॅनमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाणं टाकून खेळायचा पहिला व्हिडिओ गेम कोणता, यावरही गाइड नेटका बोलला. बारमधला नमुना मोजला तर कॉम्प्युटर स्पेस आधी, आणि कॉम्प्युटर स्पेसची विक्री सुरू झाली तेव्हापासून मोजलं तर गॅलेक्सी गेम आधी. असे दोन्ही हिशेब त्याने समोर ठेवले. म्हणजे हे त्याला येतं. मग डॅबनींच्या बाबतीत का नाही?

कॉम्प्युटर स्पेस सपशेल पडला, हेही त्याने ठोकून दिलं. हजाराहून जास्त यंत्रं विकली गेली होती. बाजारात सर्वस्वी नवी असलेली वस्तू, खेळायची पद्धत कोणालाच माहीत नाही, आणि तरी एवढी विक्री. माझ्या मते हे अपयश नव्हे. पाँगचं यश आणखी मोठं दिसावं म्हणून आधीचा खेळ दरवेळी थोडा लहान केला जातो.

सांता क्लारात फार बघण्यासारखं नाही. १९७२ साली अटारीची सुरुवात झाली ती या गावात. बुशनेल आणि डॅबनी, दोघांनी अडीचशे-अडीचशे डॉलर घातले होते. आधीचं नाव ‘सिझिजी’, पण कॅलिफोर्नियात ते नाव दुसऱ्या कोणीतरी घेतलेलं होतं. म्हणून ‘गो’ या खेळातले तीन शब्द सरकारी कार्यालयात दिले आणि तिथून ‘अटारी’ मंजूर झालं. गाइड म्हणाला, सिझिजी हे नाव मेणबत्त्या बनवणाऱ्या हिप्पींच्या कंपनीचं होतं. बुशनेल यांनी दुसऱ्या ठिकाणी ते छपरं बसवणाऱ्या कंपनीचं होतं असंही सांगितलंय. मेणबत्ती की छप्पर, त्याने कोणाचं नुकसान होत नाही. पण एकाच माणसाच्या तोंडून एकाच गोष्टीची दोन रूपं येत असतील, तर बाकीच्या गोष्टी ऐकतानाही दुसऱ्या माणसाला विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

टूरचा सगळ्यात सुंदर भाग सनीव्हेलच्या एल कमिनो रस्त्यावर. आता तिथे ‘रूस्टर टी फेदर्स’ हा विनोदी कार्यक्रमांचा क्लब आहे. १९७२ साली ‘अँडी कॅप्स टॅव्हर्न’ होता. अल्कॉर्न यांना बुशनेल यांनी सांगितलं की जनरल इलेक्ट्रिकचं काम मिळालंय, एक चेंडू, दोन फळ्या आणि गुण दाखवणारा खेळ बनव. असं काही काम मिळालेलंच नव्हतं. नव्या माणसाचा हात बसावा म्हणून दिलेला तो सराव होता. अल्कॉर्न यांनी दुकानातून पंचाहत्तर डॉलरचा हिताची टीव्ही आणला. फळीचे आठ भाग केले, म्हणजे चेंडू कुठे लागला त्यावरून त्याचा कोन बदलेल. आवाजासाठी वेगळं काही बनवलं नाही. सिंकच्या सर्किटमध्ये आधीच असलेले सूर शोधून तेच वापरले. फळी अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नव्हती, तो दोष तसाच ठेवला, कारण त्यामुळे खेळ संपायची सोय झाली. नमुना इथे एका पिंपावर मांडला. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी येऊन उघडलं तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता.

फूटपाथवर उभं राहून गाइडने हे असं सांगितलं की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. इथे त्याला पैकीच्या पैकी. अल्कॉर्न यांना दिलेला सराव त्यांच्यापासून लपवलेला होता, हेही त्याने लपवलं नाही.

आणि इथेच दुसरी मोठी उणीव आहे. त्याच्या नकाशात बर्लिंगेम नाही.

बर्लिंगेम इथून उत्तरेला, फ्रीवेने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथल्या एअरपोर्ट मरीना हॉटेलात २४ मे १९७२ रोजी मॅग्नाव्हॉक्स कंपनीने आपला घरी टीव्हीला जोडायचा ‘ओडिसी’ विक्रेत्यांना दाखवला होता. त्यात टेबल टेनिस होतं: दोन ठिपके, मध्ये रेघ, एक चेंडू. बुशनेल ते बघायला गेले होते, पाहुण्यांच्या वहीत त्यांची सही आहे. अल्कॉर्न यांना सराव मिळाला तो यानंतर. ओडिसीमागचे राल्फ बेअर न्यू हॅम्पशरच्या सँडर्स असोसिएट्समध्ये काम करायचे. टीव्हीवर खेळ खेळता येईल, ही कल्पना त्यांनी १ सप्टेंबर १९६६ च्या तारखेने लिहून ठेवली होती. तो माणूस प्रत्येक कागदावर तारीख घालायचा आणि प्रत्येक कागद जपायचा. १९७४ साली मॅग्नाव्हॉक्सने अटारी आणि इतर कंपन्यांवर दावा लावला. अटारीने १९७६ साली पंधरा लाख डॉलरवर तडजोड करून परवाना घेतला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी इतर कंपन्यांविरुद्धच्या निकालात बेअर यांच्या पेटंटला या कलेतलं अग्रणी पेटंट म्हटलं.

बुशनेल यांची बाजूही सांगायला हवी. ओडिसी आपल्याला कंटाळवाणा वाटला, असं ते म्हणतात, आणि ओडिसीत गुण दिसत नव्हते, आवाज नव्हता, हे खरं आहे. पाँगमध्ये चेंडूचा कोन, वाढता वेग, टक्कर झाली की येणारा तो ‘टक’ आवाज, हे अल्कॉर्न यांचं कसब. दोन्ही मशीनं मी खेळलोय. ओडिसीवर हात पाच मिनिटांत थांबतो, पाँगवर थांबत नाही. पण कल्पना आधी कोणी कागदावर उतरवली याचं उत्तर त्याने बदलत नाही. मी बर्लिंगेमबद्दल विचारल्यावर गाइड म्हणाला, ते प्रकरण न्यू हॅम्पशरचं, आपली टूर कॅलिफोर्नियाची. बर्लिंगेमही कॅलिफोर्नियातच आहे. खेळाच्या जन्माची टूर असेल तर ते हॉटेल त्यात हवंच, व्हॅन तिथवर नेता येत नसेल तर निदान तेरावा फोटो म्हणून.

की गेम्सची गोष्ट त्याने चालत्या व्हॅनमध्ये भराभर सांगितली आणि तेवढी पुरेशी आहे. तेव्हा प्रत्येक शहरातल्या वितरकाला वाटायचं की आपल्याकडचा माल शेजारच्या वितरकाकडे नसावा. म्हणून १९७३ साली बुशनेल यांचे शेजारी जो कीनन यांना पुढे करून अटारीने स्वतःचीच एक प्रतिस्पर्धी कंपनी उभी केली. १९७४ चा ‘टँक’ तिचाच. पुढे दोन्ही कंपन्या उघडपणे एक झाल्या.

शेवट माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये. तिथे अल्कॉर्न यांचा पाँगचा मूळ नमुना काचेपलीकडे ठेवलाय. हाताने केलेली जोडणी बघून मी बराच वेळ तिथून हललो नाही. गॅलेक्सी गेमही आहे. आमच्या नशिबाने त्या दिवशी स्वयंसेवक पीडीपी-१ हा जुना कॉम्प्युटर चालवून दाखवत होते. १९६२ साली एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी लिहिलेला ‘स्पेसवॉर’ गोल पडद्यावर चालू होता. मधोमध तारा, त्याच्या ओढीने वळत जाणारी दोन यानं. नातू एका आजोबांशी खेळला आणि हरला. कॉम्प्युटर स्पेस आणि गॅलेक्सी गेम, दोन्ही याच खेळावरून निघाले. बुशनेल यांनी तो युटामध्ये विद्यार्थी असताना पाहिला की पुढे स्टॅनफर्डला, यावरही मतभेद आहेत. स्टॅनफर्डला पाहिला होता याबद्दल मात्र वाद नाही.

डॅबनींबद्दल राहिलेलं लिहितो, कारण टूरमध्ये ते कोणी सांगणार नाही. इलेक्ट्रॉनिक्स ते मरीन दलात शिकले. १९७३ च्या मार्चमध्ये ते अटारीतून बाहेर पडले. आपल्याला बाहेर पडायला भाग पाडलं गेलं, असं ते सांगत. बरीच वर्षं ते गप्प राहिले. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या एका खेड्यात बायकोबरोबर किराणा दुकान चालवत होते. त्यांनी आपली बाजू मोकळेपणाने सांगितली ती सत्तरी ओलांडल्यावर. २६ मे २०१८ रोजी ते गेले. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू वाचून मला असं वाटतं की प्रश्न बुशनेल यांचा होता आणि हात डॅबनींचा. विकायची धडाडी, माणसं जमवायची ताकद बुशनेल यांची, त्यात शंका नाही. ती नसती तर ते सर्किट त्या खोलीतच राहिलं असतं. पण पेटंटवर दोन नावं हवी होती. दुरुस्तीच्या बाकावर बसून आयुष्य काढलेल्या माणसाला हे जरा जास्त लागतं, आणि ते लागावं असंच मला वाटतं.

टूर संपल्यावर मत विचारणारा ईमेल येतो. मी पाचपैकी साडेतीन दिले असते, पण अर्धा द्यायची सोय नाही, म्हणून गाइडच्या अँडी कॅप्ससाठी चार दिले. सोबत लिहिलं की फोटोच्या मागे चारही माणसांची नावं छापा, आणि बर्लिंगेमच्या हॉटेलचा फोटो संचात घाला.

जाणार असाल तर पीडीपी-१ ज्या शनिवारी चालवून दाखवतात तो शनिवार म्युझियमकडून आधी विचारून घ्या आणि त्याच दिवसाचं बुकिंग करा. तिकीट स्वस्त नाही, म्युझियमचा प्रवेश वेगळा. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, पार्किंगमध्ये उभं राहणं फार होतं. पाणी बरोबर ठेवा. गाइडला प्रश्न विचारा. तो चिडत नाही, आणि चार जणांनी डावीकडच्या पहिल्या माणसाबद्दल विचारलं तर पाचव्या वेळी तो स्वतःहून सांगेल.